मिटलेल्या तोंडाची सही

मीरा, गेल्या महिन्यात तू शाळेच्या प्रकल्पासाठी माया लोकांच्या लिपीबद्दल फोनवर वाचून दाखवत होतीस आणि एका वाक्याला मी हसायला लागले ते थांबेचना. तुझ्या आईने फोन हातात घेऊन मला पाणी प्यायला सांगितलं. ईशानने विचारलं, आजी रडतेय का. वाक्य गंभीर होतं, तुमचं काही चुकलं नाही. पण त्या वाक्यासाठी मी पन्नासहून जास्त वर्षं थांबले होते, आणि ते असं अचानक तुझ्या तोंडून येईल याची मला कल्पना नव्हती. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, मध्येच तुमची शाळेची वेळ होते. म्हणून लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या, आणि तिला सांगा की घाई करू नकोस.

आम्ही तेव्हा कासारवाडीत राहत होतो, रेल्वेच्या फाटकाजवळ, दोन खोल्यांत. माझे वडील, अप्पा, पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. परदेशातून यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत. ती खोकी उघडणं आणि आतला माल जागेवर लावणं हे त्यांचं काम. रिकाम्या खोक्यांच्या फळ्या गेटपास घेऊन घरी न्यायची कामगारांना मुभा होती, त्यामुळे आमच्या घरातलं बहुतेक सामान त्या फळ्यांचंच होतं: पाट, मांडणी, माझं अभ्यासाचं टेबल, आत्याची खाट. फळ्यांवर काळ्या शाईत इंग्रजी सूचना छापलेल्या असत. आमच्या देवघरावर 'हूक लावू नये' असं होतं. मांडणीवर 'ही बाजू वर' असा बाण होता आणि त्याचं टोक जमिनीकडे होतं. आत्याच्या खाटेवर एका पेल्याचं चित्र आणि 'नाजूक आहे, जपून हाताळा' ही अक्षरं. हे सगळं घरात फक्त मला वाचता येई, कारण अप्पांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी वाचून दाखवल्यावर मांडणी उलटी करावी का याचा आई दोन दिवस विचार करत होती. आत्या मात्र खूश झाली. "मला जपून हाताळा आसं गोऱ्या सायबानं लिवून ठिवलंय," ती शेजारणींना सांगे, "आन् हितं कुणाला त्याचं काय न्हाई."

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा तिला आक्का म्हणत. तळेगावच्या पलीकडे आमचं गाव, तिथून ती नवरा गेल्यावर आमच्याकडे आली ती कायमची. तिचे उपास सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि प्रदोष असे होते, आणि एकादशीला ती पाणीसुद्धा घेत नसे. तरी आईने तिला जेवायचं विचारायचंच, कारण न विचारणं हा अपमान झाला असता. आई विचारी. मग आत्या पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढे, ओठ आत घेई, डोळे मिटे आणि तशीच बसून राही. तोंडाने 'नको' म्हणायची तिला कधी गरज पडली नाही. तो चेहरा म्हणजेच नको.

घरात घड्याळ होतं, पण चालायचं सगळं कंपनीच्या भोंग्यावर. अप्पांची पाळी दर आठवड्याला बदले: पहिली, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. तिसरी पाळी असली की दिवसभर ते झोपलेले, आणि आम्ही मांजरासारख्या वावरत असू. आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवून घासे. त्यात नळाला एक दिवसाआड पाणी. त्यात आत्याचे उपास. त्यामुळे उद्या काय शिजवायचं हा प्रश्न आमच्याकडे साधा नव्हता. पहिल्या पाळीला डबा पहाटे तयार हवा, म्हणजे डाळ आदल्या दिवशी भिजायला हवी, म्हणजे पाणी यायला हवं. आणि त्या दिवशी आत्याचा उपास असेल तर घरात दुसरी चूल मांडल्यासारखं साबुदाणा, वरी, राजगिरा. आईची गल्लत होई. एकदा तिने अप्पांच्या डब्यात उपासाची खिचडी आणि आत्यापुढे कांद्याची भजी ठेवली. आत्याने दोन भजी खाल्ली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने पुढचे तीन दिवस जास्तीचे उपास केले, आणि सगळा क्रम आणखी बिघडला.

खोक्यांत यंत्राला धक्का लागू नये म्हणून भुसा आणि चुरगाळलेले कागद कोंबलेले असत. तेही अप्पा आणत. आई ते डब्यांच्या तळाला घाली, त्यांवर कुरडया वाळवी. मी त्यातले छापील कागद आधी चाळून घेई, त्यांवर इस्त्री फिरवी आणि क्रमाने लावून ठेवी. अशाच एका खोक्यातून मला कुठल्यातरी इंग्रजी मासिकाची सहा पानं मिळाली. माया लोकांच्या लिपीवरचा लेख. सातवं पान नव्हतं. ती सहा पानं मी इतक्यांदा वाचली की आजही डोळे मिटले तर तेलाच्या डागासकट दिसतात.

त्यात लिहिलं होतं की त्या लोकांची अंक लिहायची पद्धत अगदी सुटसुटीत होती: एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ, शून्य म्हणजे शिंपला. त्यांच्याकडे एक नव्हे तर दोन वर्षं होती, एक दोनशेसाठ दिवसांचं आणि एक तीनशेपासष्टांचं, आणि ती दोन दातेरी चक्रांसारखी एकमेकांत अडकून फिरत. एका स्पॅनिश धर्मगुरूने त्यांची पुस्तकं जाळली आणि मग त्यांची लिपी शिकायला बसला. हा क्रम मला तेव्हाही चुकीचा वाटला होता. त्याने तिथल्या एका लेखनिकाला समोर बसवून आपल्या अक्षरांची नावं घेतली आणि 'हे तुमच्यात कसं लिहितात' असं एकेक विचारलं. त्या लिपीत तशी सुटी अक्षरं नव्हतीच. लेखनिकाने बिचाऱ्याने जे ऐकू आलं त्याच्या जवळचं चिन्ह काढून दिलं. 'बे' म्हटल्यावर पाऊलवाट काढली, कारण त्यांच्या भाषेत बे म्हणजे वाट. पुढे तीनशे वर्षं ती यादी कुठेतरी पडून राहिली, सापडल्यावर विद्वानांनी तिच्याशी डोकं फोडलं, आणि शेवटी रशियातल्या एका माणसाने, तो प्रदेश तोवर डोळ्यांनी न पाहता, त्या गैरसमजातूनच लिपीची किल्ली काढली. आणखी एक बाई होती, आधी जुन्या इमारतींची चित्रं काढणारी. सगळे म्हणत होते की दगडांवरच्या तारखा म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गोष्टी. तिने पाहिलं की एका दगडावरच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेत बरोबर एका माणसाच्या आयुष्याएवढं अंतर आहे. कुणीतरी जन्मलं, गादीवर बसलं, मेलं. सहावं पान संपता संपता धर्मगुरू लेखनिकाला सांगतो, 'आता तुझ्या मनाने एखादं वाक्य लिही.' लेखनिक लेखणी उचलतो आणि लिहितो... आणि पान संपतं. त्याने काय लिहिलं ते सातव्या पानावर, आणि सातवं पान कदाचित दुसऱ्या कुणाच्या कुरडयांखाली.

ते वाचून मी पुठ्ठ्याची तीन चक्रं केली. एक अप्पांच्या पाळीचं, एक आत्याच्या उपासांचं, एक नळाचं. समोर राहणारे रशीदभाई बोर्ड रंगवायचे, कंपनीतल्या 'धोका' आणि 'धूम्रपान मना है' च्या पाट्या सगळ्या त्यांच्या हातच्या. चार रेघांत माणूस कसा काढायचा ते त्यांनी मला शिकवलं. तारखा मी टिंबांनी आणि रेघांनी लिहिल्या. पाण्याचा दिवस म्हणजे उभी घागर, बिनपाण्याचा म्हणजे पालथी. उपास म्हणजे पदर ओढलेला, तोंड मिटलेला आत्याचा चेहरा. आणि तीन-चार आठवड्यांत एखादा दिवस असा येई की पहिली पाळी, नळाला पाणी आणि आत्याचा उपास नाही, तिन्ही एका रेषेत. त्या दिवसावर मी मोठा सूर्य काढला. तो पुरणपोळीचा दिवस.

चक्रं दारामागे लागली आणि आठवड्याभरात आई ती वाचायला लागली. मग ती लिपी घरभर पसरली. कारल्याच्या टोपलीवर मी आत्याचा मिटलेला चेहरा काढला, कारण कारलं मला नको होतं. ज्या दिवशी दूध नको असेल त्या दिवशी आई दारावर खडूने तोच चेहरा काढू लागली. रहाटणीहून सायकलवर येणाऱ्या दूधवाल्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याने पहिल्याच दिवशी दार पाहिलं, "बरं, आज न्हाई व्हय," म्हणाला आणि पुढे गेला. माझ्या मते माझ्या लिपीचा पहिला संशोधक तोच. त्याला एक मिनिट लागलं.

अप्पांनी मला एकच विनंती केली. डब्यात काय येणार ते आधी कळावं म्हणून महिन्याचा एक कागद त्यांना करून द्यावा. मी नीट आखून दिला. तो घडी करून ते डब्याच्या पिशवीत ठेवत, आणि तिथेच तो गेटवरच्या सुभेदारांना सापडला.

त्या दिवसांत कंपनीत वातावरण तापलेलं होतं. कुठे काम बंद पडणार, कुठे घेराव होणार अशा वावड्या रोज उठत. सुभेदार फौजेतून आलेले, त्यांनी कागद उलगडला आणि त्यांना सगळं स्पष्ट दिसलं. पदर ओढलेला चेहरा म्हणजे हॅट घातलेले मोठे साहेब. मिटलेलं तोंड म्हणजे साहेबांचं तोंड बंद करणार. पालथी घागर म्हणजे भट्टी थंड. टिंबं आणि रेघा म्हणजे माणसांच्या टोळ्या. आणि सूर्य म्हणजे तो दिवस. अप्पांना जागच्या जागी घरी पाठवलं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी गेली, इतकं साधं होतं ते. अप्पा भर दुपारी घरी आले, पाटावर बसले आणि आत्याला म्हणाले, "आक्का, तुजं चित्र धरलंय त्यांनी."

"माजं काय करत्यात ते घिऊन?" आत्या म्हणाली.

पहिल्या दिवसाच्या चौकशीची नक्कल अप्पांना मिळाली होती. ती माझ्या निळ्या फाइलमध्ये अजून आहे. लेबर ऑफिसर प्रश्न विचारत आणि कारकून प्रत्येक शब्द लिहून घेई. हे कोण, या प्रश्नाला उत्तर, आक्का. कोणत्या खात्यात, उत्तर, घरात. ती गप्प का आहे, उत्तर, एकादशी. एकादशी हा कोणाचा संकेत, उत्तर, पांडुरंगाचा. पांडुरंग हा कामगार कोणत्या पाळीत आहे, या प्रश्नावर साक्षीदार हसला अशी नोंद आहे. सूर्य म्हणजे काय, उत्तर, पुरणपोळी. पुढे कारकुनाने कंसात लिहिलं आहे, 'साक्षीदार सहकार्य करत नाही.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, कारण कागद माझ्या हातचा असं अप्पांनी सांगितलं होतं. रशीदभाईंनी मला सायकलवर डबलसीट नेलं. मी शाळेचा गणवेश घातला होता, आणि ती सहा पानं पुरावा म्हणून बरोबर. वाटेत ते म्हणाले, "घाबरू नको, बेटा. मैं तो बीस साल से उनकी दीवारों पे धोका लिख रहा हूँ. कुणी मला विचारलं नाही कसला."

लेबर साहेबांनी सहा पानं बाजूला सारली. त्यांना पद्धतशीर काम हवं होतं. "आधी मुळाक्षरं दे," ते म्हणाले. "क कसा लिहितात?"

"यात क नाही, साहेब. यात आत्या आहे, घागर आहे, अप्पा आहेत."

"प्रत्येक लिपीत क असतो. क लिही."

मी विचार केला आणि कढई काढली. कारकुनाने शेजारी लिहिलं: क. ख ला मी खाट काढली, ग ला गाडगं, घ ला घागर. कारकून खूश होता, यादी भरत चालली होती. मी काय करते आहे ते मला मात्र कळत होतं. मी पाऊलवाट काढत होते. ण आला तेव्हा मी म्हणाले, "ण ने कुठलाच शब्द सुरू होत नाही, साहेब."

"म्हणजे ही लपवते आहे," दाराशी उभे असलेले सुभेदार म्हणाले.

"लहान पोर हाय ती," अप्पा म्हणाले. "ण न्हाई तर कुठनं आणंल?"

साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. माफीनामा, इंग्रजीत. अप्पांनी सही केली की उद्यापासून कामावर. अप्पांनी कागद मला दिला आणि विचारलं, "काय म्हनतोय?"

मी वाचला. त्यात होतं की मी गुप्त लिपीत काम बंद पाडण्याचा बेत लिहून आणला, हे मला मान्य आहे. मी तसंच सांगितलं.

"ती भाषा तशीच असते," साहेब म्हणाले. "फॉर्म आहे तो. त्याचा अर्थ घ्यायचा नसतो."

"मग बदला की."

"फॉर्म बदलत नाहीत."

"आन् सही न्हाई केली तर?"

"तर घरी बसा."

 बाहेर जेवणाचा भोंगा झाला. अप्पांनी त्या कंपनीतलं एकही खोकं कधी उलटं उघडलं नव्हतं. जे केलं नाही ते केलं असं लिहून देणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि घरी बसणंही परवडणारं नव्हतं. मला वाटतं ते तिथेच उठले असते. पण सुभेदारांना एक कल्पना सुचली. ते म्हणाले, साहेब, मराठी सही हा उद्या नाकारेल. सही त्याच लिपीत घ्या. ती नाकारता यायची नाही, कारण ती लिपी येते हे सहीनेच सिद्ध होतं.

साहेबांना हे एकदम पटलं. आजही मला त्या युक्तिवादात चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही.

अप्पांनी पेन घेतलं. त्यांनी आयुष्यात चित्र काढलेलं मी पाहिलं नव्हतं. हात जड, खोक्यांवर पहार चालवणारा. सावकाश त्यांनी एक पदर काढला, दोन मिटलेले डोळे, आणि आत घेतलेल्या ओठांची एक रेघ. मग पेन नीट टोपण लावून ठेवलं.

साहेबांनी कागद उचलून यादीशी ताडून पाहिला. यादीत ण सोडला तर क पासून ह पर्यंत सगळं होतं, पण हा चेहरा नव्हता, कारण तो कुठल्याच अक्षराचा नव्हता. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "बरोबर आहे का?"

मी खोटं बोलत नसे. तो माझा गुण नव्हता, सवय होती. मी अप्पांकडे पाहिलं. ते आत्यासारखेच बसले होते.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणाले. "त्यांना जे लिहायचं होतं तेच लिहिलंय."

कारकुनाने खाली टीप लिहिली, 'सही खरी असल्याचे मुलीने सांगितले', आणि शिक्का मारला. अप्पा दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

सूर्याचा दिवस त्यानंतर नऊ दिवसांनी आला. माफीनामा मिळाला तरी कंपनीने त्या दिवसाची भीती सोडली नव्हती. गेटवर दुप्पट पहारेकरी होते, आणि काहीतरी होणार हे कळल्यामुळे बरेच कामगार रजा टाकून घरी राहिले, त्यामुळे दोन यंत्रं खरंच बंद राहिली. काही वर्षांपूर्वी माया लोकांच्या पंचांगाप्रमाणे जग बुडणार म्हणून टीव्हीवर गोंधळ चालला होता, तेव्हा मी शांतपणे डाळ निवडत बसले होते, ते यामुळे. सुभेदारांनी अप्पांचा डबा स्वतः उघडला. आत चार पुरणपोळ्या आणि छोट्या वाटीत तूप. अप्पा म्हणाले, "घ्या की एक, साहेब." सुभेदारांनी पोळीकडे पाहिलं, ओठ आत घेतले, डोळे मिटले आणि मान फिरवली.

घरी येऊन अप्पांनी हे सांगितलं तेव्हा आत्या तिसरी पोळी खात होती. "त्याची आज एकादशी आसंल," ती म्हणाली.

मीरा, तू त्या दिवशी वाचलंस की धर्मगुरूने वाक्य लिहायला सांगितल्यावर त्या लेखनिकाने लिहिलं, 'मला नको.' तेच माझं सातवं पान. धर्मगुरूने ते अर्थासकट उतरवून घेतलं, आणि तरी त्याला कळेना. आमच्या कंपनीच्या कुठल्यातरी फाइलमध्ये शिक्का मारलेला, साक्षीसकट असाच एक कागद पडून आहे, कढईपासून सुरू होणाऱ्या यादीला टाचलेला. कधी कुणी तो काढून अर्थ लावायला बसलं, तर त्याला यादीचा काही उपयोग होणार नाही. त्याला एकादशीच्या दिवशी आमच्या आत्यापुढे ताट ठेवून पाहावं लागेल, आणि आत्या आता नाही. तो दूधवाला असता तर त्याने सांगितलं असतं.